प्रवासी ७१०, मुक्काम शून्य

९ जून २०२५ च्या सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून एक गाडी सुटली. आत ७१० प्रवासी होते. ४८० जण शयनयान डब्यांत, १९० थर्ड एसीत, ४० सेकंड एसीत. कार्यक्रम ६ दिवस आणि ५ रात्रींचा. रायगड, पुणे, शिवनेरी, भीमाशंकर, प्रतापगड, कोल्हापूर, पन्हाळा आणि परत मुंबई. रेल्वेच्या ‘भारत गौरव’ योजनेतली आयआरसीटीसीची ही छत्रपती शिवाजी महाराज यात्रा. पहिल्याच फेरीला गाडी भरली.

तिसरा दिवस जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या वाट्याचा. त्या दिवशी सकाळी शिवनेरी, मग भीमाशंकर आणि संध्याकाळी परत गाडीत. पाच रात्रींपैकी या दोन तालुक्यांत काढलेल्या रात्री किती, तर ०.

पर्यटनाच्या बातम्यांत आलेल्या माणसांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. राहिलेल्या माणसांचा आकडा सहसा कोणी विचारत नाही. गावाच्या पदरात काय पडले हे मात्र त्या दुसऱ्या आकड्यावर ठरते. म्हणून या यात्रेचा हिशेब तिकिटापासून सुरू करू आणि शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत नेऊ.

तिकिटाचा हिशेब

पहिल्या फेरीचे दर माणशी असे होते :

शयनयान : १३,१५५ रुपये
थर्ड एसी : १९,८४० रुपये
सेकंड एसी : २७,३६५ रुपये

सहाने भागले, तर शयनयानाच्या प्रवाशाला दिवस पडला २,१९३ रुपयांना, थर्ड एसीच्या प्रवाशाला ३,३०७ रुपयांना आणि सेकंड एसीच्या प्रवाशाला ४,५६१ रुपयांना. यात रेल्वेभाडे, जेवणखाण, बस आणि फिरणे सगळे आले.

सगळ्यांनी पूर्ण दर भरला असे धरले, तर एका फेरीची जमा अशी होते : शयनयानाचे ६३,१४,४०० रुपये, थर्ड एसीचे ३७,६९,६०० रुपये, सेकंड एसीचे १०,९४,६०० रुपये. एकूण १,११,७८,६०० रुपये, म्हणजे सुमारे १ कोटी १२ लाख. सरासरी माणशी १५,७४५ रुपये.

या बेरजेत दोन गोष्टी दिसतात. शंभरातले ६८ प्रवासी शयनयानातले आहेत. म्हणजे गाडीचा कणा साध्या डब्यांचा आहे आणि ‘आलिशान’ हा शब्द तिला शोभत नाही. दुसरी गोष्ट, सेकंड एसीतले ४० जण प्रवाशांच्या शंभरात सहाही भरत नाहीत, पण जमेत त्यांचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. हे ४० जण लक्षात ठेवावेत, शेवटी त्यांच्याकडे परत यायचे आहे.

आलिशान गाडी आपल्याकडे नाही असे नाही. ‘डेक्कन ओडिसी’ २००४ पासून आहे. राजस्थानची ‘पॅलेस ऑन व्हील्स’ १९८२ ची, तिच्या धर्तीवर एमटीडीसी आणि रेल्वेने मिळून ही काढली. कोविडमुळे २०२० मध्ये ती थांबली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा रुळांवर आली. तिचे भाडे लाखांत मोजतात, प्रवासी नव्वदच्या आत असतात आणि फेरी ७ रात्रींची असते. तिच्या महाराष्ट्रातल्या फेरीत नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा आणि कोकण येते. शिवनेरी येत नाही. महाराष्ट्राची सर्वांत महागडी गाडी महाराजांच्या जन्मस्थानाला वळसा घालून जाते आणि साध्या डब्यांची गाडी तिथे माणसे नेते. रेल्वेने २०२१ च्या अखेरीस ‘भारत गौरव’ योजना आणली आणि यात्रेच्या दरात सुमारे ३३ टक्के सवलतीचा भार उचलला, त्यामुळे हे जमले.

डोंगर आहेत, बेटेही आहेत

रेल्वेच्या सुट्टीचा जगभर मिरवला जाणारा नमुना स्कॉटलंडचा. ‘रॉयल स्कॉट्समन’ ही गाडी १९८५ पासून एडिंबरोहून निघते, जेमतेम ४० पाहुण्यांना घेऊन. डोंगराळ मुलूख, पश्चिमेची बेटे आणि जुने किल्ले हाच तिचा माल. पण तिथे रूळ हेच दृश्य आहे. १९०१ मध्ये खुला झालेला ग्लेनफिनन पूल २१ कमानींचा आहे, आणि लोक तो पाहायला जातात, गाडी त्यावरून जाताना खिडकीला नाक लावून बसतात.

डोंगर, बेट, किल्ला हे तिन्ही आपल्याकडे एकाच यादीत सापडतात. यात्रेची गाडी सुटली त्याला ३२ दिवस झाले आणि ११ जुलै २०२५ रोजी ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. भारताचा हा ४४ वा वारसा. त्यात १२ किल्ले आहेत, ११ महाराष्ट्रातले आणि १ तमिळनाडूतला जिंजी. त्यांची वाटणी अशी :

डोंगरी : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, जिंजी (८)
किनारी : विजयदुर्ग (१)
बेटांवरचे : खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग (३)

यात्रेची गाडी या बारांपैकी चार किल्ले दाखवते : रायगड, शिवनेरी, प्रतापगड आणि पन्हाळा. चारही डोंगरी. बेट एकही नाही. गाडी कोकण रेल्वेने माणगावपर्यंत जाते आणि तिथून मागे फिरते. कुडाळपर्यंत गेली असती, तर सिंधुदुर्गासाठी मालवण तिथून तीसेक किलोमीटरवर आहे.

याहून गमतीची गोष्ट लोहगडाची. माणगावहून पुण्याला जाताना आणि कोल्हापूरहून मुंबईला परतताना, दोन्ही वेळा गाडी लोणावळ्यावरून जाते. लोहगडाचे स्टेशन मळवली. बारा किल्ल्यांपैकी रुळांच्या सर्वांत जवळ असलेल्या किल्ल्यांत हा मोडतो. गाडी त्याच्या पायथ्यावरून दोनदा जाते आणि दोन्ही वेळा रात्र असते. बोरघाटाचेही तेच. १८६३ मध्ये खुला झालेला, ३७ ला १ अशा चढाचा हा घाट म्हणजे सह्याद्रीतली रुळांवरून दिसणारी सर्वांत देखणी जागा, आणि प्रवासी तो अंधारात ओलांडतात.

यात चूक कोणाची नाही, हिशेबच तसा आहे. सहा दिवसांत इतकी ठिकाणे बसवायची तर अंतर रात्री कापावे लागते. पण मग गाडीची भूमिका बदलते. रूळ पाहण्यासाठी राहत नाहीत, फक्त पोचण्यासाठी उरतात. दिवसभराची सफर बसनेच होते.

फलाटापासून गडापर्यंत

बसने किती जावे लागते? ठोकळ अंतरे अशी :

कोल्हापूर ते पन्हाळा : २० किलोमीटर
माणगाव ते रायगड : ४० ते ५० किलोमीटर
सातारा ते प्रतापगड : ७५ ते ८० किलोमीटर
पुणे ते शिवनेरी : ९५ किलोमीटर

चौघांत शिवनेरी सर्वांत लांब. पन्हाळ्यापेक्षा जवळजवळ पाचपट. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म जिथे झाला, तो किल्ला रेल्वेच्या फलाटापासून सर्वांत दूर आहे.

शिवाय हे ९५ किलोमीटर पुणे-नाशिक महामार्गाचे. वाटेत चाकण. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणच्या भुईकोटापुढे पंचावन्न-छप्पन दिवस अडवून धरले. आज चाकणचा चौक कोणालाही अडवतो आणि त्यासाठी तोफ लागत नाही. पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आणि नारायणगावहून डावीकडे जुन्नर.

७१० प्रवाशांना ४५ आसनांच्या बस धरल्या, तर १६ बस लागतात. सोळा बसचा तांडा एकाच वेळी एका रस्त्याने, एका पायथ्याशी, एका गडावर. म्हणजे तिकिटाच्या तिन्ही दरांचे प्रवासी महादरवाजातून एकत्रच आत जाणार. डब्याची वर्गवारी पायथ्याशीच संपते. शिवनेरीवर रोपवे नाही, वर जायचे तर सात दरवाजे आणि पायऱ्या सगळ्यांना सारख्याच.

आता नावाची एक फसगत. यात्रेच्या कार्यक्रमात ‘आंबेगाव’ येते, कारण दुसऱ्या दिवशी प्रवासी शिवसृष्टी हे शिवचरित्रावरचे उद्यान पाहतात आणि शिवसृष्टी आंबेगाव बुद्रुक इथे आहे. पण हे पुण्याच्या दक्षिणेकडचे, कात्रजजवळचे आंबेगाव. आंबेगाव तालुका वेगळा. त्याचे मुख्यालय घोडेगाव, बाजारपेठ मंचर, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. स्वदेशीसाठी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवे झालेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे.

भीमाशंकरला जाणाऱ्या बस मंचर-घोडेगावच्या रस्त्याने जातात. भीमाशंकरचे देऊळ खेड तालुक्याच्या हद्दीत, वाट मात्र आंबेगावातून. म्हणजे यात्रेच्या हिशेबात आंबेगाव तालुका हा फक्त रस्ता आहे. सोळा बस जातात, सोळा परततात, डिंभ्याचे पाणी खिडकीतून मागे पडते.

तिसऱ्या दिवसाचे तेरा तास

सकाळी ६ ला पुण्यातून निघून संध्याकाळी ७ ला परतायचे असे धरू. हाताशी १३ तास.

पुणे ते शिवनेरी : ९५ किलोमीटर
शिवनेरी ते भीमाशंकर : सुमारे ८० किलोमीटर
भीमाशंकर ते पुणे : सुमारे ११५ किलोमीटर
एकूण : २९० किलोमीटर

घाट, गावे आणि चाकण धरून बसचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर मानला, तर रस्त्यावर सव्वासात तास गेले. उरले पावणेसहा. त्यातले अडीच तास शिवनेरीला. चढणे, शिवाई देवी, जन्मस्थानाची वास्तू, बदामी तलाव आणि उतरणे, यात घाई करायची तरी किती? भीमाशंकरला पायऱ्या उतरून दर्शन, रांग आणि परत चढून येणे यासाठी दोन तास. जेवायला एक तास. बेरीज साडेपाच. उरली पंधरा मिनिटे.

दुसऱ्या बाजूने पाहू. सव्वासात तास म्हणजे ४३५ मिनिटे. शिवनेरीवर १५०. गडावरच्या एका मिनिटामागे रस्त्यावरची जवळजवळ तीन मिनिटे. एकूण जमेचा सहावा हिस्सा, म्हणजे साडेअठरा लाख रुपयांहून थोडे अधिक, तिसऱ्या दिवसाच्या नावे टाकता येतात. या साडेअठरा लाखांच्या दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ डिझेलच्या वासात जातो.

पंधरा मिनिटांत न बसणारे

जुन्नरला राज्य सरकारने २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. तो उगाच दिला नाही. शिवनेरी सोडून या तालुक्यात काय आहे, याची यादीच पंधरा मिनिटांत वाचून होणार नाही.

लेणी : जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. एकट्या लेण्याद्रीला सुमारे ३०.

अष्टविनायक : आठांपैकी दोन याच तालुक्यात, ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज. आठांतला डोंगरावरचा आणि बौद्ध लेण्यात बसलेला एकमेव गणपती हाच. जुन्नर गावापासून अंतर पाचेक किलोमीटर.

किल्ले : शिवनेरीशिवाय जीवधन, चावंड, हडसर, निमगिरी, हनुमंतगड, सिंदोळा, नारायणगड.

धरणे : कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे. पहिली चार जुन्नरात, पाचवे आंबेगावात.

दुर्बीण : खोडदची जीएमआरटी, जिच्याकडे पुढे येऊ.

जंगल : भीमाशंकर अभयारण्य १९८५ चे, क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. राखले ते शेकरू या मोठ्या खारीसाठी. शेकरू पाहायचा तर पहाटे झाडाखाली गप्प उभे राहावे लागते. दुपारी बाराला बसमधून उतरलेल्याला तो दिसत नाही.

घाट : माळशेज आणि नाणेघाट.

आकड्यांच्या लेखाने नाणेघाटापाशी थांबायलाच हवे. जुन्नरपासून तीसेक किलोमीटरवर, कोकणातून वर येणाऱ्या वाटेच्या माथ्यावर, एका लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांहून जुना. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद आहे, आणि ती नोंद आकड्यांत आहे : १,७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापण नाणी. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांत या अंकांची गणना होते. आज आपण जे २, ४, ७, ९ लिहितो, त्यांचे पूर्वज या भिंतीवर ओळखता येतात. म्हणजे खर्चाचा तपशील आकड्यांत लिहून ठेवण्याची सवय या तालुक्याला वीसहून अधिक शतकांची आहे.

शिवनेरीबद्दलचा एक जुना आकडाही बोलका आहे. १६७३ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरला येऊन गेला. एक हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी रसद गडावर असल्याचे त्याने लिहिले. किल्ल्याचे बळ त्याने भिंतीच्या उंचीवर मोजले नाही, लोक वर किती काळ राहू शकतात यावर मोजले. पर्यटन तालुक्याचे बळही त्याच मापाने मोजावे लागते.

रूळ का आले नाहीत

रेल्वे जुन्नरपर्यंत आणा, ही सरळ मागणी आहे आणि ती जुनी आहे. तिच्या मागचे आकडेही पाहू.

पुणे-नाशिक मध्यम अतिवेगवान (सेमी हायस्पीड) रेल्वेमार्गाची आखणी महारेल या राज्य आणि रेल्वेच्या संयुक्त कंपनीने केली. लांबी सुमारे २३५ किलोमीटर, वेग ताशी २०० किलोमीटर, पुणे ते नाशिक पावणेदोन तास, खर्चाचा अंदाज १६,०३९ कोटी रुपये. किलोमीटरमागे सुमारे ६८ कोटी. मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातून जाणार होता.

नारायणगावच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडद. तिथे १९८० आणि ९० च्या दशकांत प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दुर्बिणीसाठी ही जागा निवडण्याचे एक कारण म्हणजे इथली शांतता. कानाला जाणवणारी नव्हे, रेडिओलहरींची. आकाशगंगेपलीकडून येणारे संदेश इतके क्षीण असतात, की विजेच्या तारेवर इंजिनाच्या पँटोग्राफची उडणारी एक ठिणगीही त्यांच्यापुढे आरोळी ठरते. रेल्वेबरोबर नुसते रूळ येत नाहीत, वीज, सिग्नल, बिनतारी यंत्रणा आणि हजारो मोबाइल येतात.

याच कारणावरून रेल्वे मंत्रालयाने नारायणगाववरून जाणारा मार्ग बाजूला ठेवला आणि अहिल्यानगर, शिर्डीकडून वळसा घेणाऱ्या पर्यायाकडे मोर्चा वळवला. तालुक्यातली मागणी थांबलेली नाही. इथल्या माणसाची अडचण खरी आहे. टोमॅटोची पाटी, उसाची मोळी आणि पुण्याला कॉलेजात जाणारी मुले यांना सुट्टीच्या गाडीशी देणेघेणे नाही, त्यांना रोजची गाडी हवी आहे. तो वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा. इथे प्रश्न एवढाच, की रूळ आले असते तर पर्यटनाचा शून्य पुसला गेला असता का?

अंतर नक्की घटले असते. नारायणगाव ते शिवनेरी सतराएक किलोमीटर, म्हणजे ९५ च्या जागी १७. परतताना भीमाशंकरहून मंचर साठेक किलोमीटर. २९० चे १६० च्या आत आले असते आणि तीन तासांहून अधिक वेळ वाचला असता. पण वाचलेला वेळ प्रवासी कुठे घालवतो, हे रूळ ठरवत नाहीत. पुणे-नाशिक पावणेदोन तासांत होऊ लागले, तर शिवनेरी करून संध्याकाळी घरी परतणे आणखी सोपे होते. लोणावळ्याला रेल्वे १६० वर्षांपूर्वी पोचली, आणि मुंबईहून सकाळी येऊन भजी खाऊन रात्री परतणाऱ्यांची रीघ तिथे रेल्वेनेच लावली. जाणे-येणे सोपे झाले की येणारे वाढतात, राहणारे वाढतीलच असे नाही.

आधी वीस खोल्या

मग राहणारे वाढवायचे तर कोणता आकडा हलवायचा?

आधी जेवणाचा. या भागाची खासियत मासवडी. नावात मासे, आत तीळ-खोबरे-लसणीचे सारण आणि वर बेसनाचे आवरण, जोडीला झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासवडीचे ताट २५० रुपयांना धरले आणि सगळे ७१० जण जेवले, तर १,७७,५०० रुपये होतात. तिसऱ्या दिवसाच्या साडेअठरा लाखांतला दहावा हिस्साही नाही. तोही जेवण गावातल्या हातांचे असेल तर. डबाबंद जेवण बसबरोबर पुण्याहून आले, तर गावाच्या वाट्याला चहाच. २० रुपयांचा चहा ७१० जणांनी घेतला, की १४,२०० रुपये.

आता रात्रीचा. दोघांना एक खोली, भाडे ३,००० रुपये. ७१० जणांना ३५५ खोल्या, रात्रीचे १०,६५,००० रुपये. हा आकडा साडेअठरा लाखांच्या निम्म्याहून मोठा आहे. मासवडीच्या ताटापेक्षा सहापट. दिवसाच्या पर्यटनात आणि मुक्कामाच्या पर्यटनात फरक असतो तो एवढा.

पण ३५५ खोल्या एका रात्रीसाठी आणायच्या कुठून? घरटी चार खोल्या धरल्या, तर ८९ घरे हवीत, एकाच दिवशी रिकामी, झाडून-पुसून तयार. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या फेरीपर्यंत ती ओस. असे पर्यटन कोणी उभे करू नये.

म्हणून सुरुवातीला उल्लेख केलेले ते ४० प्रवासी. सेकंड एसीचे, दिवसाला ४,५६१ रुपये मोजणारे. ४० जणांना २० खोल्या पुरतात. पाच घरे, घरटी चार खोल्या. एवढी जागा जुन्नर-आंबेगावात आजही आहे. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले, त्याच्या आधीपासून इथल्या शेतकऱ्यांनी द्राक्षबागांच्या बांधावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शिवसृष्टी पाहून झाली, की या चाळीस जणांची एक बस पुण्यात न थांबता संध्याकाळीच जुन्नरला निघावी. बाकीचे ६७० ठरल्याप्रमाणे पुण्यात राहतील आणि सकाळी येतील.

या एका बदलाने किलोमीटर वाढत नाहीत. तेच ९५ किलोमीटर आदल्या संध्याकाळी कापले जातात आणि तिसऱ्या दिवसाचे सुमारे दोन तास वीस मिनिटे मोकळे होतात. पंधरा मिनिटांची अडीच तासांहून अधिक होतात. एवढ्यात लेण्याद्री होते. पहाटे सहाला निघाले, तर बाकीच्या पंधरा बस येईपर्यंत शिवनेरी जवळजवळ उतरून होते आणि गडावर मोरांचा आवाज ऐकू येतो. उन्हाने तापलेल्या पायऱ्यांऐवजी दव पडलेल्या पायऱ्या मिळतात. सेकंड एसीवाल्याने दुप्पट पैसे मोजले ते याच्यासाठी, पडद्याच्या बर्थसाठी नव्हे.

गावाच्या बाजूने पाहू. २० खोल्यांचे रात्रीचे ६०,००० रुपये. वर्षात अशा १२ फेऱ्या झाल्या, तर ७,२०,००० रुपये. पाच घरांत वाटले, तर घरटी १,४४,००० रुपये. टोमॅटोचा भाव कोसळलेल्या वर्षी हा आकडा लहान नाही. शिवाय यासाठी किलोमीटरला ६८ कोटी लागत नाहीत, दुर्बिणीच्या कानाशी आरोळी जात नाही आणि कोणाची जमीनही जात नाही. लागते एक बस, पाच घरे आणि कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ.

हिशेब जमला, की ४० चे ८० करता येतील. आंबेगावच्या बाजूला घोडेगाव-डिंभे पट्ट्यात आणखी पाच घरे घेऊन दुसरी बस भीमाशंकरच्या पहाटेसाठी काढता येईल. पावसाळ्यात हे चालणार नाही, पश्चिम पट्ट्यातला पाऊस सोळा काय, एका बसलाही दाद देत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने खरे. म्हणजे वर्षाच्या १२ फेऱ्या याच पाच महिन्यांत बसवाव्या लागतील, बारा-तेरा दिवसांना एक. ही गती पाच घरांना झेपणारी आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. परंपरेने तो जकातीचा मानतात. कोकणातून चढून आलेला व्यापारी त्यात नाणे टाकायचा आणि मगच पुढे जुन्नरच्या बाजारात जायचा. तिथून एका दिवसात किती माणसे गेली, हे कोणी कोरून ठेवलेले नाही. रांजणात संध्याकाळी काय उरले, यावर घाट चालत होता. ७१० हा पहिल्या प्रकारचा आकडा आहे. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याची सुरुवात वीस खोल्यांपासून करता येते.